ऑक्टाव्हिया आरएसचा पाचवा गिअर लांब करायचाय, हायवेवर गाडी शांत चालावी म्हणून. कोणी केलंय का?

कारेलीबाग_आरएस

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांबेल.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल. २०१४ ला सेकंडहँड घेतली तेव्हापासून माझ्याकडेच आहे, पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली, टर्बो एकदा उघडून झाला, क्लच बदलून झाला, विकायची नाहीये आणि तो सल्ला कृपया देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ही गाडी जी सुटते ना ते मला आजही पहिल्या दिवसाइतकंच आवडतं.

प्रश्न हायवेचा आहे. गेल्या वर्षापासून बाबांच्या तब्येतीसाठी दर महिन्याला बडोद्याहून ठाण्याला जावं लागतं, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर सहज होतात. बाबा पुढे, आई मागे. फोनच्या जीपीएसवर १०० धरले की आरपीएम २८००, १२० ला ३४०० च्या किंचित खाली. आवाज फार मोठा आहे असं नाही पण एकसारखा घुमत राहतो, भरूचपर्यंत काही वाटत नाही, सुरत गेलं की तो डोक्यात जाऊन बसतो. आईच्या बाजूला सीटवर स्टीलचा डबा असतो, थेपले आणि बटाट्याची सुकी भाजी, त्याचं झाकण २९००-३००० च्या आसपास बारीक किर्रर्र वाजायला लागतं, मी पाय उचलला की थांबतं, परत दिला की परत सुरू. मागच्या खेपेला आई म्हणाली, अरे अजून एक गिअर टाक की. आता तिला काय सांगणार, पाचवाच शेवटचा आहे.

त्याच वेगाला आरपीएम कमी करायचे तर, मी जे वाचलंय त्यावरून तीन रस्ते दिसतात. एक, फक्त पाचव्या गिअरची जोडी, म्हणजे एकमेकांत बसणारी दोन दातेरी चाकं, बदलायची. दोन, फायनल ड्राइव्ह, म्हणजे सगळ्या गिअरनंतरची चाकांकडे जाणारी शेवटची जोडी, बदलायचा. तीन, मोठे टायर टाकायचे. आत्ता २०५/५५ आर१६ आहेत. गिअरबॉक्स ०२जे प्रकारचा आहे, कोडवरून रेशो, म्हणजे दातांची प्रमाणं, काढली तर पाचवा ०.८३७ आणि फायनल ३.९३८ निघतोय.

कोणी प्रत्यक्ष केलंय का? पहिल्या चार गिअरची मजा जायला नको. इंजिन खालच्या आरपीएमला दमेल का? स्पीडोमीटर चुकेल का? आणि बडोद्यात हे काम कोणाला जमेल, की बॉक्स उतरवून कुठे न्यावा लागेल?

---

मकरपुरा_काका

प्रश्न व्यवस्थित मांडलायस, आकडे दिलेस हे फार बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं "गाडी ओरडते" लिहितात आणि मग पन्नास जण पन्नास दिशांनी ओढतात.

मी बडोद्याच्या कलाभवनचा इंजिनिअरिंग डिप्लोमा, त्यानंतर ३४ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, गिअर कापण्यातच गेली, आधी हॉबिंग म्हणजे दात कापणं, मग ग्राइंडिंग म्हणजे ते घासून नेमके करणं. गाड्यांचा मेकॅनिक नाही मी, पण दात कसा बसतो ते मला कळतं.

आधी हिशोब. पाचव्याचा रेशो गुणिले फायनल, तुझं ०.८३७ गुणिले ३.९३८ म्हणजे ३.३०. या टायरचं एक फिरणं वजनाखाली साधारण १.९५ मीटर धर. १०० च्या स्पीडला चाक मिनिटाला ८५५ वेळा फिरतं. त्याला ३.३० ने गुण, २८२० आले. तू जीपीएसवर २८०० बघितलेस, म्हणजे तुझे रेशो बरोबर आहेत, बॉक्स कोणी मधे बदललेला नाही. हा ताळा जुळल्याशिवाय एक रुपयाचीही ऑर्डर देऊ नये, कारण गाडी जुनी, हात किती लागलेत कोणाला माहीत.

टायरचं सांगतो आणि सोडून देतो. २०५/६० घेतलास तर व्यास जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. २८२० चे २७३० होतील. त्याच्यासाठी स्पीडोमीटर चुकवायचा, ब्रेकला जास्त ताकद लावायची, चाक वळवल्यावर लायनरला, म्हणजे चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला, घासतं का ते बघत बसायचं, काही अर्थ नाही.

फायनल ड्राइव्ह. समज डिझेलवाला ३.३८९ टाकलास. १०० ला साधारण २४२५ येईल, छान. पण बॉक्स खाली उतरवून पूर्ण उघडावा लागेल, आणि पाचवा जितका लांब झाला तितकाच पहिलाही होईल, १४ टक्के. मांडवीतून न्यायमंदिराकडे संध्याकाळी सहा वाजता गाडी काढून बघ, अर्धा क्लच धरून धरून पाय भरून येईल आणि नवा टाकलेला क्लच जळेल. दुसऱ्या-तिसऱ्याची उडी पण तेवढीच मंदावेल, जी तुला जपायचीय.

राहिला पाचवा. या बॉक्सची बनावट या कामासाठी देवाने दिल्यासारखी आहे. पहिले चार गिअर मुख्य घरात आहेत आणि पाचवा एकटा शेवटच्या टोकाला, वेगळ्या झाकणाखाली, डाव्या पुढच्या चाकाकडे तोंड करून. चाक काढा, लायनर काढा, झाकण उघडा, समोर पाचवा. बॉक्स उतरवायची गरजच नाही. एक ते चार जसेच्या तसे राहतात.

स्पीडोमीटरची काळजी करू नकोस. सेन्सर डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर, आहे, म्हणजे तो चाकाचं फिरणं मोजतो, इंजिन किती फिरलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

एकच गोष्ट कान देऊन ऐक. जोडी म्हणजे जोडी. वरचा एका बॉक्सचा आणि खालचा दुसऱ्याचा असं कोणी स्क्रॅपवाल्याने दिलं तर घेऊ नकोस, दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असतं, दाताचा तिरकसपणा ठरलेला असतो, आणि एका जोडीचे दात इतकी वर्षं एकमेकांवर घासून एकमेकांचे झालेले असतात. नव्याची जोडी नवी, जुन्याची जुनी.

---

राजवाडा_ते_बिजासन

इंदूरहून लिहितोय. भिया, मी हेच काम केलंय, चार वर्षं झाली. गाडी तुझीच मोठी बहीण, १.८ टर्बो ऑक्टाव्हिया, आरएस नाही पण इंजिन तेच.

मी नवी जोडी नाही घेतली, डिझेल ऑक्टाव्हियाचा एक बॉक्स स्क्रॅपमध्ये मिळाला त्याचा पाचवा काढला. दात मोजले, ४५ आणि ३४, म्हणजे ०.७५६. माझं १०० चं आरपीएम आता २५५० च्या आसपास असतं. इंदूर-भोपाळला अगदी मस्त, गाडी वयाने मोठी झाल्यासारखी चालते, गाणं ऐकू येतं, बोलणं ऐकू येतं.

आता त्रास सांगतो कारण कोणी सांगत नाही. चौथ्या-पाचव्याच्या मधे खड्डा पडतो. आधी चौथ्यातून पाचव्यात टाकला की आरपीएम १९ टक्के पडायचे, आता २७ टक्के पडतात. गावातून बाहेर पडताना ६०-६५ ला सवयीने पाचवा टाकला की गाडी घर्रर्र करते, नंतर माझ्या हाताला सवय लागली की ८० च्या आत पाचवा नाहीच. दुसरं, धुळ्याकडे जाताना सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागतो ना, आधी मी तो ट्रकांच्या मधून पाचव्यात काढायचो, आता सरळ चौथा. ओव्हरटेकलाही चौथा. मला त्यात काही वाईट वाटत नाही, चौथ्याला ही गाडी बाणासारखी जाते, पण घरात दुसरं कोणी चालवत असेल आणि त्याला गिअर बदलायचा कंटाळा असेल तर तो तुला बोल लावेल.

---

मुरार_३९०

ग्वाल्हेरवरून, माझी गाडी दोन चाकांची आहे पण मुद्दा तोच म्हणून लिहितो. ड्यूक ३९० ला मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ४५ दातांचं होतं ते ४२ चं केलं, पुढचं १५ तसंच ठेवलं. सहाव्यात १०० ला ५८०० फिरायचं ते ५४०० च्या आसपास आलं, आणि आरशात मागची गाडी ट्रक आहे की बस ते आता दिसतं, आधी नुसती थरथर दिसायची. पण समोरून वारा असला, आग्र्याकडे उघड्या रस्त्यावर असतो तसा, तर सहाव्यात गाडी मरगळते, पाचव्यात आणावीच लागते. सिंगल सिलिंडर आहे, खाली दम नाही. तुझ्याकडे टर्बो आहे त्यामुळे तुला एवढं जाणवू नये. माझं काम एका दुपारचं होतं आणि नाही आवडलं तर परत ४५ लावता येतं, तुझं तसं नाही, म्हणून आधी डोकं शांत ठेवून रेशो निवड एवढंच.

---

अकोटा_श्रवण

कारेलीबागवाले, गिअर मागवायच्या आधी एक करून बघ, फुकट आहे.

एक्सप्रेसवेला सकाळी रिकाम्या रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नाही बघून, १०० ला चालत असताना क्लच दाबून ठेव आणि इंजिन आयडलला येऊ दे, तीन-चार सेकंद. गाडी त्याच वेगाने चालतेय, फक्त इंजिन गप्प आहे. आता जो आवाज उरला तो टायरचा, वाऱ्याचा, बेअरिंगचा. जो गेला तो इंजिनचा आणि सायलेन्सरचा. आईला मागच्या सीटवर बसवूनच कर कारण घुमणं पुढे आणि मागे वेगळं लागतं, आणि डबाही तिथेच राहू दे. किल्ली मात्र बंद करू नकोस, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील.

मी आवाज मोजण्याच्या कामात आहे, गाड्यांच्या नाही, कारखान्यांच्या. पण तू लिहिलंस की डब्याचं झाकण ठराविक आरपीएमलाच वाजतं आणि पाय उचलला की थांबतं, तेव्हा मला पहिली शंका एक्झॉस्टची येते. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. २९०० आरपीएमला सेकंदाला ९७ वेळा झाले. एवढा खालचा सूर बंद गाडीत भरून राहतो, कानापेक्षा छातीला आणि डोक्याला जास्त लागतो. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती २० वर्षांनी लाकडासारखी होतात, मग तोच सूर सरळ पत्र्यात उतरतो. ती आधी बघ.

---

कारेलीबाग_आरएस

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अकोट्याच्या ताई, तुम्ही सांगितलं तसं रविवारी सकाळी केलं. डुमाडवरून एक्सप्रेसवेला चढलो, आई मागे, डबा तिच्या बाजूला (रिकामा होता, तिने त्यात चमचे घातले, म्हणे म्हणजे नीट वाजेल). क्लच दाबला आणि खरं सांगतो, मला वाटलेलं सगळंच्या सगळं शांत होईल, तसं झालं नाही. घुमणं गेलं, झाकण गप्प झालं, पण खाली एक घरघर राहिली. आई म्हणाली आता डोक्यातला गेला आणि पायातला राहिला. पायातला म्हणजे टायर, माझे सहा वर्षं जुने आहेत, रबर कडक झालंय.

मग संध्याकाळी गाडी लिफ्टवर घेतली. सायलेन्सरची मागची दोन रबरं हाताने वळवली तर वळेनात, एकाला आतून चीर. चारही बदलली. फरक पडला, खरंच पडला, झाकण आता वाजतं पण पूर्वीसारखं नाही. तरी २८०० ते २८०० च आहेत, सुरतच्या पुढे तीन तास तेच. म्हणून गिअर करायचंच ठरवलंय, टायर त्यानंतर.

काका, तुम्हाला विचारायचं होतं, रेशो कुठला घेऊ? मला ०.७५६, ०.७१७ आणि ०.६८१ असे तीन मिळतायत. मन ०.६८१ कडे ओढतंय, १०० ला २३०० म्हणजे केवढं शांत. आणि एक, बाहेरून मागवण्यापेक्षा मकरपुऱ्यात कोणी कापून देईल का?

---

मकरपुरा_काका

कापून मिळेल. पण मी तुला नको म्हणतो. एका जोडीसाठी २०एमएनसीआर५ या गिअरच्या पोलादाचा तुकडा आणा, हॉब लावा, वरून कडक करायला भट्टीत द्या, भट्टीतून आला की दात केसभर वाकलेला असतो, तो ग्राइंड करा, सिंक्रोचे, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या भागाचे, बारीक दात वेगळे करा. एवढं करून कोणी घाईत ग्राइंडिंग टाळलं की पाचवा आयुष्यभर रडत बसणार, आणि तुला तर शांतता हवीय. शंभर जोड्या असत्या तर मी स्वतः उभा राहून करून घेतल्या असत्या. एकासाठी तयार जोडी घे.

आता रेशो. तू १०० च्या आरपीएमकडे बघून निवडतोयस, तिथेच सगळ्यांची चूक होते. तू त्या गिअरमध्ये कुठल्या स्पीडला शिरणार आहेस तिथून निवड. इंदूरच्यांनी लिहिलंय, ८० च्या आत पाचवा नाही. म्हणजे ८० ला इंजिन कुठे असेल ते काढू. ०.८३७ ला आत्ता २२५५. ०.७५६ ला २०३५. ०.७१७ ला १९३०. ०.६८१ ला १८३५.

आणि तुझ्या इंजिनचा २१० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, सुरू होतो १७५० आरपीएमपासून, तो ४६०० पर्यंत सपाट असतो. कागदावर १८३५ पण १७५० च्या वर आहे. पण तो कागद नव्या इंजिनचा. तुझा टर्बो जुना, होजेस जुने, त्यात उन्हाळ्यात एसी चालू, चार माणसं, डिकी भरलेली. थोडं हातात राखून ठेवायला हवं. १९३० ला ते राहतं, १८३५ ला पाय दिलास की गाडी विचार करत बसेल, आणि मग तू चिडून सारखा चौथा टाकशील, म्हणजे जो गिअर घेतला तो वापरणारच नाहीस.

ताकदीची चिंता करू नकोस. अशी गाडी सपाट रस्त्यावर १०० ने चालवायला २०-२५ हॉर्सपॉवर पुरतात. ०.७१७ ला १०० वर २४१० आरपीएम, तिथे हे इंजिन पूर्ण पाय दिला तर ७० च्या वर देतं. तिपटीने शिल्लक आहे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनला, ज्याची ताकद वर पाच-सहा हजारांत असते, त्याला मी हे सांगितलं नसतं. त्याचा पाचवा एवढा लांब केला तर ग्वाल्हेरच्या मुलाचं वाऱ्यात झालं तसं रोज होईल.

मी असतो तर ०.७१७ घेतला असता.

---

राजवाडा_ते_बिजासन

काकांशी सहमत. मला ०.७१७ मिळाला असता तर तोच टाकला असता, स्क्रॅपमध्ये जे मिळालं ते घेतलं.

कामाच्या वेळचं सांगतो, कारण माझ्या मेकॅनिकने पहिल्यांदाच केलं होतं आणि आम्ही दोघं शिकत शिकत केलं. गाडीची डावी बाजूच उचला, उजवी जमिनीवर राहू द्या, म्हणजे तेल उजवीकडे सरकतं आणि झाकण उघडलं की अंगावर येत नाही. आम्ही दोन्ही बाजू सारख्या उचलल्या होत्या, पाऊण लिटर फरशीवर. आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. गिअरचे मोठे बोल्ट सोडवायला शाफ्ट फिरायला नको, त्यासाठी एकाच वेळी दोन गिअर लावतात, एक लिव्हरने आणि पाचवा हाताने फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, सरकवून, मग शाफ्ट जाम होतो. ते बोल्ट नवेच टाका, जुने परत लावू नका, आणि टॉर्क रेंचनेच आवळा. काढताना पुलर, म्हणजे गिअर ओढून काढायचं अवजार, लागतो, हातोडा मारायचा नाही, एकही नाही, त्या धक्क्याने आतल्या बेअरिंगचं वाटोळं होतं. गिअर तेल ७५डब्ल्यू९०, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ देऊन हे त्याच्यापेक्षा भारी म्हणेल, घेऊ नका, त्यातल्या केमिकलने पितळी सिंक्रो खराब होऊ शकतात.

---

कारेलीबाग_आरएस

अपडेट. सात आठवडे लागले कारण पहिल्या विक्रेत्याने पाठवलेल्या खोक्यात एकच गिअर होता, जोडीतला दुसरा नाही, आणि वर म्हणे तुमचा जुना चालेल. काकांचं वाक्य आठवलं, सरळ परत पाठवला. दुसरीकडून पूर्ण जोडी मागवली, कस्टम धरून साडेबावीस हजाराला पडली.

जोडी हातात घेतली तेव्हा कितीतरी वेळ बघतच राहिलो. राखाडी, तेलकट कागदात गुंडाळलेली, मोठ्यावर ४६ दात, छोट्यावर ३३, मी खडूने खूण करून दोनदा मोजले. दाताच्या कडेवरून बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही. आईला दाखवली, म्हटलं हाच तो अजून एक गिअर, तिने दोन्ही हातांत धरून वजन बघितलं आणि म्हणाली एवढ्याशाने होणार आहे होय?

काम दांडिया बाजारच्या मागे एका ओळखीच्या मिस्त्रींकडे केलं, काका स्वतः आले होते, स्टुलावर बसून साडेतीन तास. डावी बाजू उचलून केलं, वाटीभर तेल पडलं फक्त. जुना पुलरने दहा मिनिटांत निघाला. नवा छोटा गिअर शाफ्टवर थंड बसेना, तेव्हा काकांनी मिस्त्रींना थांबवलं, घरून आणलेल्या इलेक्ट्रिक शेगडीवर तो तापवला, पाण्याचा थेंब टाकून बघायचे, थेंब चरचरून उडाला की बस म्हणाले, शंभरच्या थोडं वर झालं. मग चामड्याचे हातमोजे घालून शाफ्टवर ठेवला आणि तो आपोआप सरकत जाऊन शेवटाला टेकला, टक् असा आवाज आला. मिस्त्रींनी तीस वर्षांत हातोड्याशिवाय असं बसलेलं बघितलं नव्हतं म्हणे. फोर्कची जुनी जागा आधीच खुणेने धरून ठेवली होती त्यामुळे पाचवा पहिल्याच झटक्यात पडला. तेल सगळंच नवं भरलं, दोन लिटर.

आकडे, सगळे जीपीएसवर. १०० ला आधी २८००, आता २४००. १२० ला आता २९००. पाद्र्याजवळून दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेला चढून भरूचपर्यंत बघितलं, तिथे १२० ची मर्यादा आहे, गाडी त्या वेगाला अशी चालते जशी आधी १०० ला चालायची. झाकण १०० ला वाजत नाही. १२० ला वाजतं, तोच २९०० चा पट्टा आहे ना, म्हणून आता मी ११० धरतो, २६५०, तिथे काहीच नाही.

ॲव्हरेज टाकी ते टाकी, ठाणे जाऊन-येऊन, आधी ११.९ यायचा, आता १२.७. एकाच खेपेचा आकडा आहे आणि रबरंही बदललीत, म्हणून यावर फार भार देऊ नका. पेट्रोल वाचवायला हे करत असाल तर गिअरचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील.

चौथ्या-पाचव्यातला खड्डा इंदूरवाल्यांनी सांगितला तसाच आहे, माझा तर ३० टक्के. पहिला आठवडा जुन्या रिंगरोडवर सारखा चुकायचो. आता गावात गाडी चार गिअरचीच आहे असं समजून चालवतो आणि पाचवा फक्त टोलनाक्याच्या पुढे. सुरतच्या अलीकडे एका कंटेनरला ओव्हरटेक करताना चौथा टाकला, तीच जुनी आरएस, काही कमी झालेलं नाही.

एक शंका आहे. ८५ ते ९० च्या मधे, पाय अगदी हलका ठेवला की, बारीक सूं असा आवाज येतो, पाचव्यातच. पाय दिला की जातो. आईला ऐकू येत नाही, मला येतो.

---

मकरपुरा_काका

येणारच, काळजी नको. पाय हलका असतो तेव्हा दात ना या बाजूला टेकलेला ना त्या बाजूला, मधल्या फटीत तरंगत असतो. नवी जोडी आहे, हजार-दोन हजार किलोमीटर एकमेकांवर घासू दे, पुष्कळ कमी होईल. पूर्ण पायाला किंवा पाय सोडल्यावर वाढत गेला तर मात्र लगेच सांग, मग झाकण परत उघडू. तोवर पाचव्यात १५०० च्या खाली पूर्ण पाय देऊन ओढू नकोस, दातालाही त्रास आणि फ्लायव्हील ड्युअल मासचं, म्हणजे दोन तुकड्यांचं आणि मधे स्प्रिंग असलेलं, असेल तर त्यालाही.

आणि हजार किलोमीटरला तेलाचा बोल्ट काढून बघ. बारीक राखाडी गाळ आला तर ठीक, चमकणारा कण दिसला तर फोटो काढून मला पाठव.

---

वाघोडिया_व्हीटेक

माझ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, सगळी ताकद वर. वाचून हात शिवशिवतायत पण काकांनी लिहिलेलं वाचलं, म्हणजे मी नको करू ना? एकदा ही गाडी चालवून बघायला मिळेल का, नुसतं समजून घ्यायला.

---

कारेलीबाग_आरएस

या की. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला डुमाड चोकडीला पेट्रोलपंपापाशी उभा असेन, नडियादपर्यंत जाऊन येऊ, जाताना मी चालवतो, येताना तुम्ही चालवा. तुमची सिटी पण घेऊन या, अकोट्याच्या ताई येणार आहेत, क्लच दाबून तिचीही टेस्ट करून बघू, कदाचित तुमचंही काम चार रबरांतच होईल. काका, तुम्ही येणार असाल तर मी घरून घेतो, आईने तुमच्यासाठी थेपले करते म्हटलंय.